लढाईचा अभ्यास करायचाय, पण घरचे नको म्हणतात

प्रश्न: ताई, मी चोवीस वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या फौजी घरातली. बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आजोबाही पलटणीत होते. सध्या पुण्यात समाजशास्त्रात एम.ए. करतेय. जगभरातल्या वेगवेगळ्या समाजांत माणसं का लढतात, याचा मानवशास्त्रज्ञ म्हणून आयुष्यभर अभ्यास करावा असं मनापासून वाटतं. बाबा म्हणतात, लढाई लढणाऱ्याला कळते, वह्या घेऊन फिरणाऱ्याला नाही. आई म्हणते, स्पर्धा परीक्षा दे, असल्या अभद्र विषयात कशाला पडतेस. माझ्याही मनात शंका आहेत. युद्ध माणसाच्या रक्तातच असेल तर अभ्यास करून काय हाती लागणार? मुलीला या क्षेत्रात कोणी उभं करतं का? आणि वर्षानुवर्षं खून-मारामाऱ्यांच्या नोंदी करून माणूस दगड होत नाही का?

प्रिय मैत्रिणी,

बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे. त्यांच्याशी वाद घालण्याआधी ते तथ्य नीट समजून घे, कारण तुझ्या पुढच्या सगळ्या कामाला ते उपयोगी पडेल.

१९६१ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी म्युझियमची एक तुकडी न्यू गिनी बेटावरच्या बालिएम खोऱ्यात पोचली. तो मुलुख तेव्हा डचांच्या ताब्यात होता, आज इंडोनेशियात आहे. तिथले दानी लोक रताळी लावतात, डुकरं पाळतात. तुकडीत कार्ल हायडर नावाचे तरुण मानवशास्त्रज्ञ होते. त्यांनी तिथल्या लढाया अगदी जवळून पाहिल्या. सकाळी एका बाजूचे लोक हद्दीवर येऊन आरोळी देत. समोरच्यांनी आव्हान घेतलं की दोन्हीकडचे पुरुष पिसं आणि शिंपल्यांचे दागिने घालून मधल्या मोकळ्या जागेत जमत. बाणांना मागे पिसं लावायची रीतच नव्हती, त्यामुळे बाण सरळ जात नसत. पाऊस आला की लढाई मोडायची. कोणी जखमी व्हायचं, क्वचित कोणी मरायचं. मग त्या मेलेल्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून पुन्हा लढाई. दोन्ही बाजूंचा हिशेब कधीच मिटत नसे. हायडर यांना वाटलं, इथलं युद्ध हे बरंचसं धर्मकृत्य आहे. माणसं मरतात, पण थोडी.

ते परतले. नंतर जून १९६६ मध्ये, ते तिथे नसताना, एका पहाटे एका गटाने दुसऱ्याच्या वस्त्यांवर झडप घातली, घरं पेटवली आणि तासाभरात सव्वाशेच्या आसपास माणसं मारली. त्यांत बायका होत्या, पोरं होती. मारणारे आणि मरणारे एकेकाळी एकाच आघाडीतले. म्हणजे वर्षानुवर्षं चालणारी ती विधीसारखी लढाई हा या युद्धाचा एकच चेहरा होता. आघाडी फुटते, मित्र-शत्रू नव्याने ठरतात, जमिनी हात बदलतात, तेव्हा दुसरा चेहरा बाहेर येतो. तो कधीतरीच येतो, म्हणून वर्ष-दोन वर्षं राहणाऱ्याला तो दिसेलच असं नाही. हायडर यांनी पुढच्या लेखनात ही दोन्ही रूपं वेगळी करून मांडली. आधीचं चित्र अपुरं होतं हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

बाबांच्या बोलण्याचा तुझ्यासाठी अर्थ एवढाच: वही घेऊन फिरून यायचं असेल तर या विषयात पडू नकोस, राहायची तयारी असेल तरच ये. लढणाऱ्याला लढाईतली आपली जागा कळते आणि ती जितकी त्याला कळते तितकी तुला कधीच कळणार नाही. पण त्याच लढाईआधीची वीस वर्षं, दोन्ही बाजूंच्या घरांत झालेली बोलणी, मोडलेली लग्नं, न फिटलेली देणी हे लढणाऱ्यालाही पूर्ण दिसत नाही. तुझं काम तिथे आहे.

आता रक्ताचा प्रश्न. या प्रश्नापायी या शाखेत माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली आहेत, म्हणून सांभाळून उत्तर देते.

१९४० मध्ये अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी मांडलं की युद्ध ही माणसाने शोधून काढलेली रीत आहे, शरीराची गरज नव्हे. उदाहरण म्हणून त्यांनी एस्किमो आणि आपल्या सिक्कीममधले लेपचा यांची नावं घेतली: या लोकांत भांडणं होती, पण युद्ध नव्हतं. दुसऱ्या टोकाला नेपोलियन शॅग्नन, तेही मानवशास्त्रज्ञ. ते १९६४ साली व्हेनेझुएलाच्या जंगलात यानोमामी लोकांमध्ये राहायला गेले आणि पुढे अनेक वर्षं जात राहिले. १९८८ मध्ये त्यांनी ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात लिहिलं की त्यांनी पाहिलेल्या गावांत प्रौढ पुरुषांच्या मृत्यूंपैकी सुमारे ३० टक्के मृत्यू हिंसेने झाले, पंचविशी ओलांडलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्के कोणाच्या ना कोणाच्या हत्येत सामील होते, आणि अशा पुरुषांना इतरांपेक्षा जास्त बायका व जास्त मुलं होती. यातून ‘मारणाऱ्याचा वंश वाढतो’ असा अर्थ लोकांनी काढला आणि वणवा पेटला. मानवशास्त्रज्ञ ब्रायन फर्ग्युसन यांनी उलट बाजूने दाखवलं की या लढायांचा संबंध लोखंडी कुऱ्हाडी-कोयते कोणत्या गावाला मिळतात आणि कोणाला मिळत नाहीत याच्याशी आहे. मिशनरी, व्यापारी आणि खुद्द संशोधकही ही हत्यारं वाटत होते. तेव्हा जे ‘आदिम’ म्हणून मोजलं ते कितपत आदिम होतं?

माझं मत विचारशील तर ‘रक्तात आहे की नाही’ हा प्रश्नच तुला फार पुढे नेणार नाही. सुदानमध्ये जेबेल सहाबा इथे एक दफनभूमी आहे. इजिप्तमधल्या आस्वानच्या मोठ्या धरणाखाली मुलुख बुडणार म्हणून १९६० च्या दशकात ती घाईने खणली गेली. तिथले सांगाडे निदान १३,४०० वर्षांपूर्वीचे. बरीच वर्षं सगळे धरून चालले होते की तिथे एकच मोठी कत्तल झाली. २०२१ मध्ये ६१ सांगाडे नव्याने तपासले, तेव्हा ४१ जणांच्या हाडांवर जखमा सापडल्या आणि त्यांतल्या कित्येक जखमा भरून आलेल्या होत्या. म्हणजे ही माणसं मार खाऊन वाचली होती, पुढे जगली होती आणि काहींना पुन्हा मार बसला होता. शेती नाही, राज्य नाही, तरी अधूनमधून हल्ले चालूच होते. तेव्हा युद्ध राजेमहाराजांनी आणलं असं म्हणता येत नाही. आणि लेपचांकडे बघितलं तर ते सगळीकडे असतंच असंही म्हणता येत नाही. मग खरा प्रश्न उरतो तो असा: कुठे पेटतं, कुठे पेटत नाही आणि का?

इथे कॅरोल आणि मेल्विन एंबर या मानवशास्त्रज्ञ दांपत्याचं १९९२ चं काम जरूर वाच. त्यांनी जगभरातल्या १८६ समाजांच्या नमुन्यावर तुलना केली. त्यांना आढळलं की नेहमीची गरिबी किंवा टंचाई यांचा युद्धाशी तेवढा संबंध लागत नाही. संबंध लागतो तो अचानक येणाऱ्या, अन्न बुडवणाऱ्या आपत्तीच्या धास्तीशी. उद्या पीक जाईल या भीतीने माणसं आजच शेजाऱ्याची जमीन घ्यायला निघतात. दुष्काळी पट्ट्याच्या शेजारी वाढलेल्या तुला हे पटकन उमगेल, पण उमगलं म्हणून सिद्ध झालं असं समजू नकोस. टेबलावर बसून केलेली तुलना आणि गावात राहून केलेली नोंद या दोन्ही शिक. एकीशिवाय दुसरी लंगडी पडते.

शॅग्नन यांची पुढची कहाणी तुला माहीत असायला हवी, कारण या धंद्यातली जोखीम तिच्यात आहे. ८० च्या दशकाअखेरीस ब्राझीलच्या बाजूला हजारो सोनंशोधे यानोमामींच्या जंगलात घुसले होते. नेमक्या त्या वेळी ‘हिंसक यानोमामी’ अशा बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या. ब्राझीलच्या मानवशास्त्रज्ञांनी तक्रार केली की अशा चित्राचा फायदा या लोकांची जमीन तोडू पाहणाऱ्यांना होतो. पुढे २००० साली एका पत्रकाराने शॅग्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर १९६८ च्या गोवराच्या साथीबद्दल भयंकर आरोप केले. साथ त्यांनी पसरवली हा आरोप तपासात टिकला नाही. अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने २००२ मध्ये त्यांच्यावर ठपका ठेवणारा अहवाल स्वीकारला आणि २००५ मध्ये सभासदांच्या मतदानाने तो रद्द केला. २०१९ मध्ये शॅग्नन गेले, तरी वाद मिटलेला नाही. मला या प्रकरणात कोणाला देव किंवा राक्षस करायचं नाही. पण तू लिहिलेला एक आकडा तुझ्या हातातून सुटल्यावर कोणाच्या हातात जाईल आणि त्याने कोणाचं घर मोडेल, हा विचार छापण्याआधी करायचा असतो. तो नंतर केला तर उपयोग नसतो.

मुलीला उभं करतात का, हे विचारतेस. तुला मानवशास्त्रज्ञ पॉली वीस्नर यांच्याबद्दल सांगते. या क्षेत्रात कोणाचं बोट धरून चालावं असं मला विचारलं तर मी त्यांचंच नाव घेईन.

वीस्नर यांनी सुरुवातीचं काम केलं कलाहारीच्या वाळवंटात, शिकार करून जगणाऱ्या लोकांमध्ये. त्यांचा विषय भेटवस्तूंची देवाणघेवाण हा होता. कोण कोणाला मणी देतं, अडीनडीला कोण कोणाकडे जाऊन राहतं, हे त्या टिपत होत्या. १९८५ मध्ये त्या पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ एंगा प्रांतात गेल्या. तिथे लढणं हे पुरुषांचं काम, लढाईच्या कथा पुरुषांच्या तोंडी. त्यांनी अकी टुमू या एंगा सहकाऱ्याबरोबर दहा वर्षांहून अधिक काळ गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांकडून कुळांचे इतिहास गोळा केले. शंभराहून जास्त कुळांचे. रताळं त्या डोंगरांत आलं तिथपासूनचा, म्हणजे अडीचशे ते चारशे वर्षांचा काळ त्यांतून उभा राहिला. रताळ्यामुळे डुकरं वाढली, डुकरांमुळे देणंघेणं वाढलं, देण्याघेण्यातून मोठी माणसं तयार झाली, आणि लढायाही बदलल्या. एक काळ असा होता की तिथे मोठमोठ्या लढाया ठरवून व्हायच्या. त्यांत जमीन जिंकायची नसे. यजमान कुळं लढणाऱ्यांना जेवू घालत आणि लढाई संपली की दोन्हीकडून डुकरांची प्रचंड देवघेव होई. देवघेव घडावी म्हणूनच जणू लढाई. देण्याघेण्याचा अभ्यास करून आलेल्या बाईलाच ही गोष्ट दिसली, यात मला नवल वाटत नाही.

मग १९९० च्या सुमारास धनुष्यबाण जाऊन बंदुका आल्या. लढायला भाड्याने पोरं मिळू लागली. सिनेमातल्या नावावरून लोक त्यांना ‘रॅम्बो’ म्हणत. म्हाताऱ्यांचं कोणी ऐकेना. पुढच्या वीस वर्षांत हजारो माणसं गेली, गावंच्या गावं उठली. वीस्नर तिथून हलल्या नाहीत. एंगाचेच नित्झे पुपू यांच्यासोबत त्यांनी पाचशेच्या वर लढायांची नोंद केली: कशावरून पेटली, किती मेले, कशी मिटली. आणि त्याबरोबर गावन्यायालयांच्या बैठका बसून ऐकल्या. २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. लोक लढून थकले. नेते, पंच, चर्चची माणसं यांनी जुनी भरपाईची रीत नव्याने चालू केली: मेलेल्यामागे डुकरं आणि पैसे, भर सभेत, दोन्ही बाजूंच्या तोंडावर. सरकार जवळजवळ नव्हतंच, तरी २०११ पर्यंत बहुतेक लढाया थोडक्या बळींवर थांबू लागल्या होत्या.

हे सगळं कायमचं मिटलं असं मी सांगणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच एंगा प्रांतात एका दिवसात डझनांनी माणसं मारली गेली. पण भांडण कसं मिटवायचं याचं ज्ञान तिथल्या माणसांकडे होतं आणि ते कोणीतरी त्यांच्याबरोबर बसून लिहून ठेवलं. माझं तुला जे मुख्य सांगणं आहे ते इथेच: निम्मा वेळ लढाई कशी पेटली याला दे आणि निम्मा ती कशी थांबली याला. बहुतेकांनी पहिलंच केलं आहे, कारण पेटलेलं चटकन दिसतं. थांबवणारी माणसं मागे उभी असतात आणि त्यांत बायका पुष्कळ असतात. तिथे तुझं मुलगी असणं आड येणार नाही, उलट दारं उघडेल. लढाईच्या वेळी पुरुष तुला काही गोष्टी सांगणार नाहीत, हेही खरं. त्या त्यांच्या आयांकडून, बहिणींकडून कळतात.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मी कडक आहे. आपण कोणाच्या बाजूने चालतोय हे पक्कं ठेव. १९३६ साली क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानवशास्त्रज्ञ नागा टेकड्यांत काम करत होते. त्यांचं लेखन आजही वाचावं लागतं. पण ते इंग्रज सरकारच्या पांगशा गावावरच्या मोहिमेबरोबर गेले होते, आणि त्या मोहिमेत पांगशा जाळलं गेलं. अशा काळात गोळा केलेले नागा पूर्वजांचे अवशेष अजून इंग्लंडच्या संग्रहालयांत आहेत. २०२४ मध्ये तर एका नागा पूर्वजाची कवटी तिथे लिलावात निघाली. नागालँडमधून निषेध झाल्यावर ती मागे घेतली गेली. आज ते अवशेष परत आणण्याचं काम नागा समाजातलेच संशोधक आणि संघटना करताहेत. तू उद्या तिकडे गेलीस तर त्यांच्यानंतर आणि त्यांच्या हाताखाली शिकायला जा.

फौजेबद्दल तुझ्या मनात माया आहे, ती राहू दे. पण संशोधक म्हणून गावात जायचं आणि माहिती लष्कराला द्यायची, हे दोन्ही एका वेळी चालत नाही. अमेरिकेतले ज्येष्ठ मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९१९ मध्ये संशोधकाच्या वेषात हेरगिरी करणाऱ्यांविरुद्ध उघड पत्र लिहिलं. अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने उलट त्यांनाच दोषी धरलं आणि तो ठपका पुसायला २००५ उजाडलं. २००७ मध्ये अमेरिकन लष्कराने अफगाणिस्तान आणि इराकमध्ये सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांना तुकड्यांबरोबर पाठवायला सुरुवात केली. मानवशास्त्र संघटनेच्या कार्यकारिणीने त्याच वर्षी नापसंती जाहीर केली. त्या कामात असे तीन अभ्यासक जिवाला मुकले आणि २०१४ मध्ये ती योजना बंद झाली. ज्यांनी तुला घरात घेतलं, त्यांच्यावर तुझ्या वहीमुळे गोळी चालता कामा नये. हा नियम बाबांना सांग, त्यांना तो नक्की पटेल.

दगड होण्याची तुझी भीती मला आवडली. ती असलेली बरी. मानवशास्त्रज्ञ कॅरोलिन नॉर्डस्ट्रॉम यांनी आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या यादवीत, तोफा चालू असतानाच, काम केलं. ते युद्ध १९७७ ते १९९२ असं चाललं. त्यांनी टिपलं की गावोगावचे वैदू लढून परतलेल्या पोरांवर विधी करत. अंगात शिरलेलं युद्ध काढून टाकल्याशिवाय त्यांना घरी, शेतात, बायकोपोरांत मिसळू देत नसत. अशी कामं लिहिणारी माणसं दगड होत नाहीत. पण थकतात, झोप उडते, घरी आल्यावर साध्या गप्पा नकोशा होतात. म्हणून आधीच ठरव: क्षेत्रातून दर काही महिन्यांनी बाहेर यायचं, गाईडशी फक्त कामाबद्दल नाही तर मनाबद्दलही बोलायचं, समुपदेशकाकडे जायला लाजायचं नाही. आणि मेलेल्यांची यादी करताना नाव माहीत असेल तर स्वतःच्या वहीत नाव लिही, नुसती काडी ओढू नकोस. छापताना मात्र ते नाव झाक.

आता आईच्या काळजीकडे येऊ. ती पोटापाण्याची काळजी आहे आणि खरी आहे. आपल्याकडे मानवशास्त्रात जागा कमी निघतात. तुझी एम.ए. समाजशास्त्रात आहे, तर नेट त्यातून दे, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली काही वर्षं घरावर भार पडणार नाही. पीएचडीसाठी पुण्याच्या विद्यापीठातला मानवशास्त्र विभाग, हैदराबाद आणि दिल्ली ही विद्यापीठं, शिलाँगचं नॉर्थ-ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटी यांचे प्रवेशाचे नियम आत्ताच बघून ठेव, कारण दुसऱ्या विषयातून येणाऱ्याला सगळीकडे सारखा प्रवेश नसतो. कोलकात्यात मुख्यालय असलेलं भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण हाही एक रस्ता आहे. क्षेत्रकार्याला पैसे हवे असतील तेव्हा न्यूयॉर्कच्या वेनर-ग्रेन फाउंडेशनकडे कोणत्याही देशाचा पीएचडीचा विद्यार्थी अर्ज करू शकतो. हिंसेच्या अभ्यासाला हॅरी फ्रँक गुगेनहाइम फाउंडेशनही पैसे देतं. आणि हाडांच्या कामाकडे ओढा वाटला तर न्यायवैद्यक मानवशास्त्र आहे. अर्जेंटिनात हुकूमशाहीत बेपत्ता झालेल्यांचे अवशेष शोधून घरच्यांना परत देण्याचं काम १९८४ पासून एक पथक करतंय, आणि त्यांच्याकडून शिकून अनेक देशांत तशी पथकं उभी राहिली.

आईला पाच वर्षांची मुदत माग, त्याहून कमी मागू नकोस. त्या मुदतीत नेट आणि पीएचडीचा प्रवेश हे दोन टप्पे कागदावर लिहून दे, म्हणजे दर दिवाळीला तोच वाद नको.

एम.ए.च्या प्रबंधाला अजून वेळ असेल तर विषय तुझ्या जिल्ह्यातच आहे. आपशिंगे मिलिटरीसारखी गावं, जिथून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, आणि जिथे आजही घराघरांत फौजी आहेत. तिथे लढाईच्या गोष्टी विचारू नकोस, त्या सगळ्यांनी विचारून झाल्यात. पलटणीतून सुट्टीवर किंवा कायमचा परत आलेला माणूस घरात कसा मिसळतो, पहिले काही महिने कोण त्याला सांभाळतं, गाव त्याला कशाने सामावून घेतं, हे बायकांना विचार. आधी लेखी संमती घे, कोणत्याही मोहिमेचे वा ठिकाणांचे तपशील टिपू नकोस, आणि मसुदा झाला की छापण्याआधी त्यांना वाचून दाखव. त्या गाळ म्हणाल्या तर ते गाळायचं.

तुझी,
ताई